अभयारण्यातला धनगरवाडा, चराईची बंदी आणि 1930 च्या आधीचा कागद

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण गाठ तिथंच बसली आहे. ‘आम्ही गवळी धनगर, आदिवासी नाही, म्हणून वनहक्क कायदा आम्हाला लागू नाही असं साहेबांनी सांगितलं.’ साहेबांनी सांगितलं ते चूक आहे. 2006 च्या त्या कायद्याच्या नावातच दोघं आहेत, अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींत येतात, त्यामुळं तुमचा दावा दुसऱ्या दारानं जातो. ते दार बुटकं आहे, वाकून जावं लागतं, पण त्याला कुलूप नाही.

बाकीचं तुमचं म्हणणं असं. वाडी राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत, 31 उंबरे. गुरं रानात गेली की अडवतात. डांबरी रस्ता वाडीच्या अलीकडं अडीच किलोमीटरवर येऊन थांबलाय. पुनर्वसन होणार अशी कुजबुज आहे. खालच्या गावातले मामा सांगतात की इको-सेन्सिटिव्हमुळं ह्यापुढं घरसुद्धा बांधता येणार नाही, गिऱ्हाईक आहे तोवर जमीन विकून मोकळं व्हा. आणि तुम्ही विचारता, वाडी धरून राहण्यात अर्थ आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, ते तुमच्या घरानं ठरवायचं. बाकीच्यांचं देते. मी 1999 पासून जमिनीच्या आणि जंगलाच्या कागदांची कामं करते. शाहूवाडी ते चंदगड ह्या पट्ट्यात निम्मं आयुष्य एस.टी.च्या खिडकीत गेलं. तेवढ्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली. जंगल राखण्याचा कुठलाही नियम आला की तो आधी नोंद नसलेल्या माणसाला भिडतो. ज्याच्याकडं कागद आहे त्याला नोटीस येते, सुनावणी मिळते, भरपाई मिळते. ज्याच्याकडं नाही त्याला फक्त गार्ड भेटतो.

आता बंदीकडं वळू. ‘जंगल खात्यानं बंदी केली’ असं आपण सरसकट म्हणतो. पण आपल्या जिल्ह्यात जंगलावर निदान पाच-सहा वेगवेगळे कायदे एकमेकांवर गोधडीसारखे शिवलेत. तुमच्यावर नेमकं कुठलं ठिगळ आलंय हे न बघता भांडायला गेलात तर समोरचा तुम्हाला एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरवत राहील.

तुमचं रान कोल्हापूर संस्थानच्या काळात शिकारीसाठी राखलेलं. 1958 साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. ते लहान होतं. 1985 मध्ये हद्द वाढवून राधानगरी अभयारण्य 351.16 चौरस किलोमीटरचं झालं, आणि कितीतरी वाड्या, वस्त्या, शेतं त्या रेषेच्या आत आली. वाडी जागची हलली नाही, रेष तिच्यावरून गेली. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात राज्यातली चार, आणि त्या चारात आपलं राधानगरी. त्याचा फलक आपण सगळ्यांनी बघितलाय. फलकामुळं वाडीवर एकही नवा नियम आला नाही, तेव्हा तो सोडून द्या.

अभयारण्य होतं ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. आधी शासन इरादा जाहीर करतं, कलम 18. मग जिल्हाधिकाऱ्यांनी त्या हद्दीतल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते, कलम 19 पासून 25 पर्यंत. स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा, दोन महिन्यांत दावे घ्यायचे, प्रत्येकाचं काय केलं ते लिहून ठेवायचं. त्यातल्या कलम 24 मध्ये स्वच्छ म्हटलंय की मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून जिल्हाधिकारी एखादा हक्क अभयारण्याच्या आत पुढं चालू ठेवू शकतात. म्हणून तुमचं पहिलं काम माहितीच्या अधिकारातला एक अर्ज. ‘आमच्या गावाच्या हद्दीतली हक्कचौकशीची संपूर्ण फाईल, जाहीरनाम्याची प्रत आणि चराईबाबतचे आदेश.’ एवढंच लिहा, पानभर व्यथा लिहू नका. माहिती अधिकारी व्यथेचं उत्तर देत नाही, कागदाचं देतो. आणि बऱ्याचदा उत्तर येतं, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ ते उत्तर जपून ठेवा. चौकशीचा कागदच नाही म्हणजे तुमचा हक्क नाकारल्याचाही कागद नाही.

चराई अभयारण्यात आपोआप बंद होत नाही, हे वाडीवर सगळ्यांना सांगा. राष्ट्रीय उद्यानात होते. कलम 35 प्रमाणं तिथं गुरं नेताच येत नाहीत, म्हणून चांदोलीत जे चालतं ते राधानगरीला लावू नका आणि त्यांनाही लावू देऊ नका. अभयारण्यात कलम 33 खाली चराईवर नियंत्रण ठेवायचा किंवा तिला मनाई करायचा अधिकार आहे. अधिकार आहे म्हणजे तो वापरल्याचा आदेश हवा, त्याला क्रमांक हवा, तारीख हवी. गार्डला विचारा. तावातावानं नको, चहा देऊन विचारा. तो बिचारा पाऊस-जळवांत एकटा फिरतो, आणि वरून आलेलं तोंडी सांगणं खाली पोचवतो. शिवाय अशा भागातल्या गुरांना लस टोचून घेण्याची जबाबदारी त्याच कायद्यातल्या कलम 33अ नं सरकारवर टाकलीय. लसीकरणाची नोंद तुमच्या वाडीच्या गुरांची असेल, तर सरकारच्याच वहीत तुमची गुरं सापडतील.

फेब्रुवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेली झाडं, गवत वगैरे काढण्यावर बंधन घातलं. मोळी आणणाऱ्या बाया त्या दिवसापासून चोर ठरल्या. अधिकारी अजून त्याच आदेशाकडं बोट दाखवतात. वनहक्क कायदा त्यानंतरचा आहे, आणि त्यातल्या ‘वनजमीन’ ह्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही नाव घेऊन घातलेत. ‘अभयारण्यात वनहक्क मिळत नाही’ असं कोणी म्हटलं तर ती व्याख्या उघडून समोर ठेवा.

तुमचे पाहुणे भुदरगड, आजरा, चंदगड, पन्हाळा किंवा विशाळगडाकडं असतील, तर त्यांचा मामला वेगळा. तिकडं अलीकडच्या काही वर्षांत ‘संवर्धन राखीव’ क्षेत्रं जाहीर झाली. नाव ऐकून लोक घाबरले, मोर्चे निघाले. प्रत्यक्षात हा प्रकार वन्यजीव कायद्यातल्या कलम 36अ चा. तो फक्त सरकारी जमिनीवर होतो, लोकांशी सल्लामसलत करून व्हावा असं कायदा म्हणतो, आणि अभयारण्याची जी कलमं त्याला लावलीत त्यांत चराईचं कलम नाही. तिथं शिकार चालत नाही, आग लावलेली चालत नाही, पण संवर्धन राखीव झालं एवढ्याच कारणानं गुरं बाहेर काढता येत नाहीत. जमीन आधीच राखीव वन असेल तर 1927 च्या वन कायद्याची बंधनं होतीच, ती तशीच राहतात. त्याहून महत्त्वाचं कलम 36ब. ह्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असायला हवा. माझ्या ओळखीच्या चार सरपंचांना विचारलं, तुमच्या गावातून कोण? चौघांनीही एकमेकांकडं बघितलं.

मामांच्या इको-सेन्सिटिव्हकडं येते. मामा दोन गोष्टींची गल्लत करतायत. एक, अभयारण्याच्या कडेनं असलेला इको-सेन्सिटिव्ह झोन. राधानगरीचा तो 2020 मध्ये पक्का झालाय. दुसरा, पश्चिम घाटाचा संवेदनशील पट्टा. त्यावर आधी 2011 मध्ये माधव गाडगीळ समितीचा, मग 2013 मध्ये कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला. 10 मार्च 2014 ला केंद्रानं पहिला मसुदा काढला आणि तेव्हापासून मसुद्यावर मसुदे निघतायत. 31 जुलै 2024 च्या मसुद्यात सहा राज्यांतलं 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यातलं 17,340 महाराष्ट्रातलं. ह्या मसुद्यांचा रोख खाणी, दगड-वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, लाल यादीतले, म्हणजे जास्त प्रदूषण करणारे, कारखाने आणि 20,000 चौरस मीटरच्या पुढची बांधकामं ह्यांच्यावर आहे. तुमच्या मामांचं घर 20,000 चौरस मीटरचं असेल तर त्यांनी जरूर काळजी करावी.

झोनमध्येही स्थानिक माणसानं स्वतःच्या जमिनीवर स्वतःला राहायला घर बांधण्यावर बंदी नसते. आडकाठी असते ती नव्या हॉटेल-रिसॉर्टला, विशेषतः हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत. शेती चालू राहते. मालकी जमिनीतलं झाड तोडायला परवानगी लागते, ती आधीही लागायची. आता गंमत बघा. ज्या नियमाचा काच खरा रिसॉर्टवाल्याला आहे, त्याच नियमाची भीती घालून शेतकऱ्याकडून जमीन स्वस्तात घेतली जाते, आणि घेणारा बऱ्याचदा रिसॉर्टवालाच असतो. इतक्या वर्षांत कुठल्याही वनकायद्यापेक्षा जास्त नुकसान मी ह्या एका अफवेनं झालेलं बघितलं. एका गावात चौदा एकर गेलं. विकणाऱ्यांपैकी दोघं आज त्याच जमिनीवर राखणदार आहेत. मामांना सांगा, सात-बाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचा. तिथं 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्याचा किंवा 1927 च्या वन कायद्यातल्या कलम 35 चा शेरा असेल तर ते खरं दुखणं. त्याची चौकशी, नोटीस बजावली होती का, आणि 12 हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला कलम 22अ खाली जमीन परत मिळण्याची तरतूद, हे सगळं वेगळ्या उत्तराचं काम आहे.

आता पोटाकडं वळते. धोरणाची भाषा ‘उपजीविकेवर परिणाम’ अशी एका ओळीत संपते. वाडीवर तो परिणाम दिवसाच्या वेळापत्रकात दिसतो. पहाटे साडेतीनला धारा, मग दुधाचं कॅन डोक्यावर किंवा मोटारसायकलला अडकवून अडीच किलोमीटर खाली, कारण दुधाची गाडी डांबरावर ठरलेल्या वेळेला येते आणि थांबत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की दूध घरातच, मग तूप कढवायचं. रान बंद झालं की म्हैस दावणीला येते. दावणीच्या म्हशीला वैरण विकत लागते, पेंड विकत लागते. ज्या घरात बारा जनावरं होती तिथं तीन राहतात. तीन म्हशींत पोरांना काम नसतं, म्हणून पोरं शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या एमआयडीसीत जातात. त्याला कोणी विस्थापन म्हणत नाही, कारण कोणी उठवलेलंच नसतं.

नाचणीच्या पिकाचंही तसंच. तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजायचा तर टहाळ, म्हणजे झाडांच्या फांद्या-पाला, लागतो. टहाळ तोडणं बंद, म्हणून राब बंद, म्हणून तरवा बारीक, आणि मग दोन वर्षांत वरचं वावरच पड. हिरडा, शिकेकाई, करवंदं, जांभळं, मध ह्यातून उन्हाळ्यात बायांच्या हातात जो स्वतःचा पैसा यायचा तो गेला. हा शेवटचा मुद्दा पुरुष मंडळींच्या अर्जात कधीच नसतो. वाडीतल्या बायकांना वेगळं बसवून विचारलं की पहिला तोच निघतो.

पड टाकलेल्या वावरात घाणेरी माजते, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत झुडपाखाली जातं. गवा गवतावर जगणारं जनावर. रानात गवत कमी आणि खाली धरणांच्या पाण्यावर उसाचं हिरवं रान, मग तो कुठं जाणार? भोगावती आणि दूधगंगेच्या खोऱ्यात रात्री माळ्यावर बसून राखण करणाऱ्याला विचारा. वनखातंच आता कुरण विकासाच्या नावाखाली झुडपं काढायला मजूर लावतं. ज्या माळावर एके काळी वाडीची गुरं फुकट हे काम करायची, तिथंच. चराईनं जंगलाचं नुकसान होतच नाही असं मी म्हणत नाही, जास्त गुरं झाली तर कोवळं रोप उरत नाही. पण ‘किती गुरं, कुठल्या महिन्यात, कुठल्या माळावर’ हा हिशेब कोणी मांडत नाही. एक तर सगळं बंद, नाहीतर सगळं मोकळं.

गव्यानं पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत लेखी कळवा, वनरक्षकाला, सरपंचाला किंवा तलाठ्याला, आणि पोच घ्या. फोटोत शेताची खूण दिसली पाहिजे, नुसता ऊस नको. 2023 मध्ये राज्यानं वन्यप्राण्यांच्या नुकसानभरपाईसाठी वेगळा कायदाही केला. पण भरपाईच्या शासन निर्णयांतली एक अट मला अजून खटकते. ज्या कुटुंबाची चारपेक्षा जास्त गुरं जंगलात चरतात त्याला पीकनुकसानीची भरपाई नाही. वनजमिनीवर अतिक्रमण ठरलेल्या शेतीलाही नाही. म्हणजे तुमच्या वाडीवर गवा सगळ्यात आधी येणार आणि भरपाई सगळ्यात शेवटी. वनहक्काचा दावा मंजूर झाला तर ‘अतिक्रमण’ हा शब्दच गळून पडतो, म्हणून मी सगळी वाट त्या दाव्याकडं वळवते आहे.

तर दावा. आदिवासींना 13 डिसेंबर 2005 च्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं. तुम्हाला त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं. हिशेब केला की 13 डिसेंबर 1930 येते. कोल्हापुरात त्या वेळी राजाराम महाराजांची गादी होती, संस्थान मुंबई प्रांतात विलीन व्हायला अजून अठरा वर्षं होती. विशाळगड आणि बावडा जहागिरीतल्या गावांचे कागद तर जहागिरीकडं. कागद मोडी लिपीत. इंग्रजी मुलखातल्या जिल्ह्यांसाठी केलेली पुराव्यांची यादी घेऊन आपले लोक तहसीलला जातात, तिथं काही मिळत नाही, आणि दावा ‘पुराव्याअभावी’ फेटाळला जातो. पण कायद्याच्या नियम 13 मध्ये पूर्वीच्या संस्थानांचे अभिलेख, नकाशे, सवलती हे सगळं पुरावा म्हणून नाव घेऊन मान्य केलंय. आपल्या जिल्ह्यासाठी ती ओळ सोन्याची आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी वाचणारा माणूस घेऊन जा. 1886 चा कोल्हापूर गॅझेटियरही चालतो, त्यातून तुमच्या भागात धनगर गवळी राहत होते एवढं तरी सरकारी शब्दांत मिळेल.

75 वर्षांची अट वास्तव्याची आहे, जमीन कसण्याची नाही. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयानं ते स्पष्ट केलंय, तरी तालुक्याला अजून 1930 चा सात-बारा मागतात. आणि कुठला एकच पुरावा हवा असा हट्ट धरता येत नाही, यादीतले कुठलेही दोन पुरे. त्यात वाडीबाहेरच्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब येतो, वंशावळ येते, घराचे चौथरे, बांध, विहीर, दफनभूमी, देवराई, बिरोबाचं ठाणं, गुरांच्या वाटा, सगळं येतं.

2011 च्या थंडीत भुदरगडातल्या एका वाडीवर आम्ही तीन दिवस असेच पुरावे गोळा करत होतो. एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, सगळ्या प्रश्नांना मान हलवायचे पण कागद विचारला की ‘काय न्हाई बाई’. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं पोटमाळ्यावरनं पत्र्याची ट्रंक काढली. आत घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या पाच-सहा पावत्या. वरची 1962 ची, राखीव वनात चौदा गुरं चारल्याबद्दल केलेल्या दंडाची. आजोबा शरमले. पन्नास वर्षं ती पावती त्यांनी गुन्ह्याचा कागद म्हणून लपवली होती. मी म्हटलं, आजोबा, जंगल खात्यानं स्वतःच्या सहीशिक्क्यानं लिहून दिलंय की 1962 ला तुमची चौदा गुरं ह्या कंपार्टमेंटात चरत होती, ह्याहून चांगला साक्षीदार कुठला? त्याच गुंडाळीत खाली मोडीतला एक चिटोरा होता, चराईच्या फीची यादी, त्यात त्यांच्या आज्याचं नाव आणि म्हशींचा आकडा. दावा तीनदा परत आला. एकदा सही राहिली म्हणून, एकदा नकाशा नाही म्हणून, एकदा कारण न देताच. चौथ्यांदा मंजूर झाला, मागितलेल्या क्षेत्राच्या जेमतेम एक तृतीयांशावर. आजोबा तोवर गेले होते.

त्यातून शिकलेलं सांगते. पहिलं, वैयक्तिक दाव्याच्या मागं एकट्यानं धावू नका. दहा गुंठ्यांचा वैयक्तिक दावा प्रत्येकाला जवळचा वाटतो, पण वाडी जगते ती चराई, पाणी, वाट आणि रानमेव्यावर, आणि हे सगळं सामूहिक हक्कांत आहे. त्यापुढं सामूहिक वनसंपत्तीचा वेगळा दावा असतो, त्यात रान राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. तिन्हींचे नमुने वेगळे, तिन्ही एकदम भरा. दुसरं, फेटाळलं तर कारण लेखी मागा, कारण लिहून देणं बंधनकारक आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडं आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडं जायला प्रत्येकी 60 दिवस मिळतात. तोंडी ‘होत न्हाई’ म्हणजे फेटाळणं नव्हे.

तिसरी अडचण ग्रामसभेची, आणि ती तुमचीच माणसं घालतील. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. तुमची वाडी गट-ग्रामपंचायतीत, मतदान चाळीस-पन्नास, खालच्या गावाचं हजारभर. वनहक्काचा विषय आला की खालचे म्हणतात, आमच्या उसात गवा आणि ह्यांना जंगल पाहिजे. गणपूर्ती होत नाही, विषय पुढं. कायद्यातल्या ‘गाव’ ह्या व्याख्येत जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावंही येतात, महसुली नोंद असो वा नसो. 2012 च्या सुधारित नियमांत वाड्या-वस्त्यांची यादी करायची तरतूद आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडं वाडीच्या स्वतंत्र ग्रामसभेची मागणी आधी टाका. वनहक्क समितीत दहा ते पंधरा जण, त्यात तिसरा हिस्सा बायका. आणि कृपा करून त्यांना खरोखर बसू द्या, नुसते अंगठे नकोत.

रस्त्याचं उत्तर ह्याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये आहे. शाळा, अंगणवाडी, पाणी, वीज, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते, हेक्टरी 75 च्या वर झाडं जात नसतील तर. त्यासाठी दिल्लीला फाईल जायची गरज नाही. अभयारण्यात वन्यजीव कायद्याची परवानगीही मागतात, तिथं वेळ जातो. अडीच किलोमीटरचा, तीन मीटर रुंदीचा रस्ता गणितानं एक हेक्टरच्या आत बसतो. डांबरीचा हट्ट सोडून आधी दगडी सोलिंग मागितलंत तर कामही लवकर हलेल.

पुनर्वसनाबद्दल थोडक्यात. राधानगरी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नाही. तो 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून झाला. ताडोबाची वाघीण 2025 च्या शेवटी चांदोलीत सोडली, वाघ उद्या तुमच्या बाजूला आला तर नवल नाही, पण त्यानं तुमची वाडी आपोआप गाभा क्षेत्र होत नाही. व्याघ्र प्रकल्पातल्या ऐच्छिक पुनर्वसनासाठी कुटुंबामागं 15 लाखांचा आकडा आहे, तो ऐकून लोक गणित मांडायला बसतात. मी चांदोलीतून उठलेल्यांच्या वसाहतीत गेले आहे. घरं सिमेंटची होती. जमीन काहींना मिळाली, काहींची चोपण, म्हणजे खारवट, निघाली, काहींची मोजणीतच अडकली. म्हशी दोन वर्षांत विकल्या, कारण चारायला गावाचं गायरान आणि गायरानावर आधीच्यांचा हक्क. वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वननिवासी माणसाला हलवता येत नाही. जायचंच ठरलं तरी दावा मंजूर करून घेऊन जा. मंजूर हक्क असलेला माणूस वाटाघाटीला बसतो, अतिक्रमक म्हणून नोंदलेला माणूस पंगतीला शेवटी बसतो.

आता थोडं कडू. वनखात्याचं प्रत्येक म्हणणं खोटं नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळ्या गवतासाठी सड्याला काडी लावायची आणि वणवा देवराईत घुसला की कोणी लावला माहीत नाही म्हणायचं, हे आपल्याच वाड्यांत होतं. नरक्याची, त्या औषधी झाडाची, झाडं बाहेरच्या व्यापाऱ्याच्या चार पैशांसाठी कोणी तोडली? शिकेकाईच्या शेंगांसाठी अख्खी वेल खाली ओढणारे कोण? डुकरासाठी ठेवलेला हातबॉम्ब गाईच्या तोंडात फुटलेला मी बघितलाय. सामूहिक वनहक्क मिळाला की कलम 5 प्रमाणं हे थांबवायची जबाबदारीही ग्रामसभेवर येते. दाव्यासोबत दोन पानांचा चराईचा आराखडा जोडा. कुठला माळ कुठल्या महिन्यात बंद ठेवणार, घरटी किती गुरं, वणव्याच्या दिवसांत जाळरेषेवर कोण. उपविभागीय समितीतले वन अधिकारी तो कागद वाचतात, हा माझा अनुभव आहे. दोन ठिकाणी त्यावरच त्यांचा विरोध मावळला.

तुम्ही लिहिलंय की तुमची आजी 93 वर्षांची आहे आणि तिला खालच्या ओढ्याच्या वरची सगळी ठिकाणं नावानिशी येतात. दावेदाराच्या घरातल्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून लंगडा पडतो, तो शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याचा घ्या, आणि तुमच्या आजीचा त्यांच्या दाव्याला जोडा. दोघांनाही पालखीत बसवावं लागलं तरी चालेल, पण हद्दीवरनं फिरवा, ठिकाणाचं नाव विचारत जीपीएसवर खूण घ्या, मोबाइलवर बोलणं भरून ठेवा. हे ह्याच महिन्यात करा, माहितीच्या अर्जाचं उत्तर यायची वाट बघू नका. ट्रंकेत मोडी कागद निघाले तर घेऊन या, बसून वाचू. तेवढं एक करा, ते लॅमिनेट करू नका. मागच्या वर्षी एकानं प्रेमानं केले, शाई प्लास्टिकला चिकटून निघाली आणि आज्याचं नाव गेलं.